बंगल्यात हॉस्पिस काढायचंय? आधी रात्री दोन वाजताचा विचार करा

मागच्या महिन्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरचे एक काका-काकू माझ्याकडे आले. माझं काम छोट्या हॉस्पिटलांची रजिस्ट्रेशनं, नूतनीकरणं, रजिस्टरं बघायचं, म्हणून कोणीतरी माझं नाव सांगितलं असणार. काकूंच्या धाकट्या बहिणीला कॅन्सर होता. शेवटी हॉस्पिटलने सांगितलं की आता करण्यासारखं काही राहिलं नाही, घरी न्या. घरी आणल्यावर दुखणं इतकं वाढलं की ती रात्र रात्र उशी तोंडात धरून पडायची, आणि औषध म्हणून घरात फक्त साध्या पेनकिलर. सात आठवडे असे गेले, मग ती गेली. काकूंच्या मनातून ते जात नाहीये. त्यांच्या बंगल्याचा खालचा मजला रिकामा आहे, मुलगा परदेशात असतो, तर म्हणाल्या, "आपण दहा बेडचं हॉस्पिस काढू, लोकांचे असे हाल तरी व्हायला नकोत. लायसन्स किती दिवसांत मिळेल ते सांग."

मी म्हटलं काकू, लायसन्सचं नंतर बघू, आधी एक सांगा, तुमच्याकडच्या पेशंटला रात्री दोन वाजता असह्य दुखायला लागलं, किंवा रात्री दोन वाजता पेशंट गेला, तर त्या मिनिटाला कोण काय करणार? दोघं गप्प झाले. मला त्यांना घाबरवायचं नव्हतं. पण या कामातला जवळपास प्रत्येक कायदा त्या रात्रीच्या कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर असतो, तिथून उलटं मागे आलं की सगळं डोक्यात बसतं. हल्ली नाशिकमध्ये होम केअर, पॅलिएटिव्ह, असिस्टेड लिव्हिंग अशा पाट्या दिसतात आणि बऱ्याच जणांच्या मनात काकूंसारखाच विचार येतो, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी हॉस्पिस म्हणजे काय

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होवो न होवो, पेशंटचं दुखणं, धाप, मळमळ, भीती कमी करायची आणि घरच्यांना आधार द्यायचा. ही आजाराच्या पहिल्या दिवसापासून औषधोपचाराच्या जोडीने सुरू करता येते. हॉस्पिस म्हणजे हेच काम, पण आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात, जेव्हा बरं करण्याचे उपचार थांबलेले असतात. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी केली, आपल्याकडे पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईत शांती आवेदना सदन या नावाने सुरू झालं, आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तेव्हा कल्पना काही नवीन नाही. महाराष्ट्रासारख्या राज्यात अशी ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं बरंचसं उत्तर पुढे पैशांच्या भागात येईल.

कायद्यात याला वेगळा कप्पाच नाही

सरकारी कागदावर "हॉस्पिस" असा रकाना शोधायला जाल तर दमाल. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो, आणि त्यात नर्सिंग होमची व्याख्याच अशी आहे की आजारी, जखमी किंवा विकलांग माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा. म्हणजे ऑपरेशन थिएटर नसलं, आयसीयू नसलं, तरी पेशंट मुक्कामाला आला आणि नर्सने त्याला औषध दिलं की तुम्ही या कायद्यात आलात. "आम्ही तर वृद्धाश्रम म्हणून काढतोय" असं म्हणून सुटका होत नाही, पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा आत काय चालतं ते बघितलं जातं. नोंदणी शहरात महापालिकेकडे होते, ग्रामीण भागात जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे, आणि देवळाली कॅम्पचा कॅन्टोन्मेंटचा भाग असेल तर कोणाकडे जायचं ते आधीच विचारून घ्या, नाहीतर दोन-तीन महिने चुकीच्या टेबलावर फाइल पडून राहते. तीन वर्षांनी नूतनीकरण. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलंय, आणि बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही हेही त्यात आहे. हॉस्पिसला हा शेवटचा मुद्दा किती जवळचा आहे ते वेगळं सांगायला नको.

याच्यासोबत फायरचा कागद येतो. राज्याचा २००६ चा आगीपासून बचावाचा कायदा आहे, त्यात बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे असं लायसन्सधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं, ज्याला सगळे "बी फॉर्म" म्हणतात. काका म्हणाले, आपल्याकडे मशिनरी नाही, आग कशाने लागणार? पण हॉस्पिसमधले पेशंट स्वतः उठून बाहेर पळू शकत नाहीत, आणि ऑक्सिजन तर असणारच. ऑक्सिजनचं नाशिककराला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी गळून पुरवठा थांबला आणि वीसहून जास्त माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मग जैववैद्यकीय कचरा. २०१६ चे नियम आहेत, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. रक्त-पू लागलेली ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, ग्लोव्हज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात, आणि ४८ तासांच्या वर साठवायचं नाही. हॉस्पिसमध्ये ड्रेसिंगचा कचरा भरपूर निघतो कारण कॅन्सरच्या जखमा वाहत असतात, त्यामुळे पिवळी पिशवी रोज भरते हे धरूनच गाडीवाल्याशी करार करा.

मॉर्फिन नसेल तर बाकी सगळं कशाला

काकूंच्या बहिणीला जे मिळालं नाही ते हे. मॉर्फिन म्हणजे तीव्र वेदना शमवणारं औषध. त्याची गोळी महाग नसते, अवघड असतं ते ठेवण्याची परवानगी असणं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात मॉर्फिन इतर नशेच्या पदार्थांच्याच रांगेत बसलं, आणि वर्षानुवर्षं चार-चार वेगळ्या लायसन्सच्या भीतीने हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन अशी सहा औषधं "अत्यावश्यक" म्हणून वेगळी काढली आणि देशभर एकच नियम केला. आता संस्थेने राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे आपल्याकडे एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन), "मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था" म्हणून अर्ज करायचा. या कामातले लोक त्याला आरएमआय म्हणतात. त्यासाठी वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर संस्थेत असावा लागतो, आणि पहिली गाडी अडते ती इथेच, कारण बंगला असतो, पैसे असतात, भावना असते, पण तो एक डॉक्टर नसतो. माझा सल्ला हाच असतो की आधी डॉक्टर ठरवा, त्यांना प्रशिक्षणाला पाठवा, रंगारी नंतर बोलवा.

एका ठिकाणी मी मॉर्फिन ठेवायचं कपाट नीट चालताना पाहिलंय. भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट, आत आणखी एक कुलपाचा कप्पा, दोन चाव्या दोन माणसांकडे, बँकेच्या लॉकरसारखं. शिफ्ट बदलताना दोन्ही सिस्टर उभ्या राहून गोळ्या मोजायच्या, "दहाच्या चव्वेचाळीस", म्हणजे दहा मिलिग्रॅमच्या चव्वेचाळीस गोळ्या, असं मोठ्याने म्हणायच्या आणि रजिस्टरमध्ये दोघींच्या सह्या. एका दिवशी एक गोळी कमी भरली. सगळ्यांचे चेहरे उतरले, आणि तासाभराने ती एका आजोबांच्या उशीखाली सापडली, त्यांनी ती गिळलीच नव्हती, रात्री जास्त दुखलं तर असावी म्हणून लपवून ठेवली होती. तेव्हा कळलं की रजिस्टर फक्त इन्स्पेक्टरसाठी नसतं. त्या एका गोळीमुळे आजोबांचा रात्रीचा डोस कमी पडतोय हे डॉक्टरांना समजलं.

"अशाने पेशंटला व्यसन लागणार नाही का?" हे काकांनी विचारलं आणि सगळेच विचारतात. वेदनेसाठी, डॉक्टरने मोजून दिलेलं, नियमित वेळेवर तोंडाने घेतलेलं मॉर्फिन हे व्यसनासाठी घेतलेल्या मॉर्फिनसारखं वागत नाही. शरीराला सवय होते, म्हणून अचानक बंद करायचं नसतं, बद्धकोष्ठता होते म्हणून जोडीला पोट साफ व्हायचं औषध द्यायचं असतं. पण ज्याचे काही आठवडे उरलेत त्याला व्यसनाच्या भीतीने कळवळत ठेवणं मला कुठल्याच हिशोबात पटत नाही.

रात्री दोन वाजता पेशंट गेला तर

काही वर्षांपूर्वी एका छोट्या केंद्रात एक बाई पहाटे अडीचला गेल्या. डॉक्टरांचा फोन लागेना. सिस्टरला मृत्यूचा दाखला देता येत नाही. मुलं साडेआठपर्यंत व्हरांड्यात उभी होती, गावाकडून निघालेली माणसं अमरधामला येऊन थांबली, आणि कागद नाही म्हणून पुढे काही करता येईना. त्या कुटुंबाने महिनाभर झालेली सेवा विसरून ते सहा तास लक्षात ठेवले, आणि मी त्यांना दोष देत नाही.

म्हणून रात्रीच्या डॉक्टरचा करार लेखी करा, किती वेळात पोहोचणार हे त्यात लिहा, आणि ते बाहेरगावी गेले तर बदली कोण हेही. संस्थेत मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ भरायचा असतो, घरी झाला तर ४ अ, आणि नोंद २१ दिवसांच्या आत. एक गोष्ट बरेच जण विसरतात. पेशंट शेवटच्याच टप्प्यात होता म्हणून प्रत्येक मृत्यू आजाराचाच धरायचा असं नाही, बाथरूममध्ये पडून डोक्याला मार लागला आणि त्यात गेला तर तो अपघाती मृत्यू, पोलिसांना कळवावं लागतं. नातेवाईक हात जोडून म्हणतात की नको आता पोस्टमॉर्टेम, आणि वाईट आपल्यालाही वाटतं, पण दाखल्यावर "कॅन्सर" लिहून मोकळं होता येत नाही.

अजून एक, सह्या आणि अंगठे. शेवटच्या आठवड्यात पेन्शनची स्लिप, चेक, कधी मृत्युपत्र घेऊन नातेवाईक येतात आणि सिस्टरलाच म्हणतात, तुम्ही साक्षीदार व्हा. पहिल्या दिवसापासून लेखी नियम ठेवा, आपला कुठलाही कर्मचारी कुठल्याही आर्थिक कागदावर साक्षीदार होणार नाही आणि पेशंटकडून काही घेणार नाही. मॉर्फिन चालू असलेल्या माणसाने केलेल्या सहीवर नंतर भावंडं कोर्टात जातात तेव्हा तुमची केस शीट मागवली जाते.

"म्हणजे हे इच्छामरणच झालं ना?"

नाही. हॉस्पिसमध्ये मरण लवकर आणलं जात नाही, आणि जीव घेण्यासाठी इंजेक्शन देणं आपल्याकडे गुन्हाच आहे. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ च्या निकालात वेगळी गोष्ट मान्य केली. बरं होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नकोत असं माणसाला आधीच लिहून ठेवता येतं, त्यालाच लिव्हिंग विल म्हणतात. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की कोणी करायला धजावेना, म्हणून २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे, मॅजिस्ट्रेटकडे जायला नको. हॉस्पिटलमध्ये उपचार थांबवायचे असतील तर डॉक्टरांची दोन मंडळं ते बघतात.

हॉस्पिसला याचा उपयोग दाखल करून घेतानाच आहे. "श्वास थांबला तर आयसीयूत न्यायचं का?" हे पेशंट शुद्धीत असताना त्याला आणि घरच्यांना समोर बसवून, मराठीत, सोप्या शब्दांत विचारा आणि उत्तर डॉक्टरच्या सहीने केस पेपरवर घ्या. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. हे नसेल तर होतं असं की वडिलांजवळ तीन महिने बसलेली मुलगी म्हणते शांतपणे जाऊ द्या, आणि त्याच रात्री पुण्याहून आलेला मुलगा म्हणतो अँब्युलन्स बोलवा, आणि मधे सापडते ती नाइट ड्यूटीची पोरगी.

ट्रस्ट काढायचा की कंपनी

देवस्थान आणि दुकान, या दोन गोष्टी डोळ्यासमोर आणा. ट्रस्ट म्हणजे देवस्थान, दानपेटीत आलेलं कोणाच्या घरी जात नाही, १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि दरवर्षी हिशोब. प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे दुकान, नफा तुमचा, तोटाही तुमचा, देणगी मात्र कोणी देणार नाही. कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालची कंपनी मधली, चालते कंपनीसारखी पण नफा वाटून घेता येत नाही. देणगीवर चालवायचं असेल तर पहिली किंवा तिसरी वाट, आणि आयकराची नोंदणी तसंच लोक ज्याला ८०जी म्हणतात ते, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, घ्या. लक्षात ठेवा, दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला ती सवलत मिळत नाही. सातपूर-अंबडच्या ज्या कंपन्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या, नियमात बसतात त्यांच्याकडे जाता येतं, आरोग्य हा त्या खर्चाचा मान्य विषय आहे. पण सीएसआरचा पैसा बहुतेक करून अँब्युलन्स, बेड अशा दिसणाऱ्या गोष्टींना सहज मिळतो, सिस्टरच्या पगाराला मिळवायला फार बोलावं लागतं.

"फुकट सेवा करतोय म्हणजे आपल्यावर केस होणार नाही" हा समज काढून टाका. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाप्रमाणे सगळ्यांनाच पूर्ण फुकट असेल तर ग्राहक कायदा लागत नाही, पण काहींकडून पैसे घेत असाल तर फुकटातला पेशंटसुद्धा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. दहा बेडच्या हॉस्पिसला काहींकडून पैसे घ्यावेच लागतात. म्हणून विमा आणि नीट लिहिलेले केस पेपर दोन्ही पाहिजेत.

पैसे कोण देणार

इथे काका पेन घेऊन बसले. साध्या हॉस्पिटलमध्ये बेडवर फार कमाई नसते, ती होते ऑपरेशन, तपासण्या आणि मेडिकलमधून. हॉस्पिसमध्ये यातलं काहीच नाही. नुसती माणसं, जेवण, चादरी. म्हणजे हॉस्पिटल हे लग्नाचं कार्यालय असेल तर हॉस्पिस ही खानावळ, रोजचा खर्च रोज निघाला पाहिजे.

दहा बेडला एका शिफ्टमध्ये एक नोंदणीकृत सिस्टर आणि दोन मावश्या किंवा मामा धरा. तीन शिफ्ट म्हणजे नऊ माणसं. साप्ताहिक सुट्टी धरली की साडेदहा, रजा-आजारपण धरलं की बारा. दहा माणसं झाली की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आली, वीस झाली की पीएफ. स्वयंपाक, धुणं, डॉक्टर, औषधं, वीज सगळं मिळून महिन्याला समजा पाच लाख आले, आणि दहापैकी सरासरी सात बेड भरले, तर महिन्याला २१० बेड-दिवस, म्हणजे एका दिवसाला साधारण २,४०० रुपये नुसता खर्च. सातातले दोन मोफत ठेवलेत तर उरलेल्या पाच जणांवर तोच भार ३,३०० च्या पुढे जातो. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे टाका, पण हा गुणाकार केल्याशिवाय एक बेडसुद्धा विकत घेऊ नका.

काकू म्हणाल्या, मेडिक्लेम आहे ना लोकांकडे. इथेच सगळ्यात मोठा धक्का बसतो. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींमध्ये एक ठरावीक अपवाद छापलेला असतो. अंघोळ घालणं, कपडे बदलणं अशी सांभाळणूक, आणि अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक गरजांसाठीच्या सेवा, याचे पैसे मिळणार नाहीत. म्हणजे हॉस्पिस जे करतं नेमकं तेच वगळलेलं.  पेशंटच्या घरच्यांना हे दाखल करतानाच सांगा, तोंडी नको, कागदावर. आणि पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला कमिशन हा रस्ता तर मनातही आणू नका, डॉक्टरांच्या आचारसंहितेत ते घ्यायला आणि द्यायला दोन्ही बंदी आहे, आणि तो पैसा शेवटी मरणाऱ्या माणसाच्या बिलातच जातो.

"अमेरिकेत तर याच्या कंपन्या मोठ्या झाल्यात"

काकांच्या मुलाने फोनवर हेच सांगितलं होतं. खरं आहे, पण तिथे मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना हॉस्पिसला दर दिवसाला ठरलेले पैसे देतं, आजार नेहमीच्या गतीने गेला तर सहा महिन्यांच्या आतलं आयुष्य आहे असं डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. रोजचा ठरलेला पैसा आला तशी त्यावर डोळा ठेवणारी माणसंही आली. कॅलिफोर्नियात हॉस्पिसच्या नावाने इतके गैरप्रकार झाले की १ जानेवारी २०२२ पासून नवीन लायसन्स देणंच थांबवलं. आपल्याकडे तसा रोजचा पैसा देणारा कोणी नाही, त्यामुळे तिथला नफ्याचा हिशोब इथे लावू नका.

"मग घरी नर्स पाठवायची कंपनीच काढू"

हा विचार वाईट नाही, बहुतेक पेशंटना घरीच राहायचं असतं. पेशंट मुक्कामाला नाही म्हणून नर्सिंग होमची नोंदणी लागत नाही. पण आजकाल ब्युरोवाले मावशीला "नर्स" म्हणून पाठवतात, तिथे मी हात जोडून सांगतो, नर्स म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली, बाकीच्यांना मदतनीस म्हणा आणि बिलातही तसंच लिहा. नुसती माणसं पुरवलीत तर आरोग्यसेवेची जीएसटी माफी धरून चालू नका, सीएला विचारून ठरवा. आणि त्या मुली अनोळखी घरात रात्री एकट्या असतात. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामासाठी गेलेलं घरही कामाचं ठिकाण धरलंय, म्हणजे तक्रार आली तर "तो क्लायंट आहे, सांभाळून घे" असं म्हणायचा अधिकार मालकाला नाही. सुया पेशंटच्या घरच्या केरात टाकून यायच्या नाहीत, डब्यात परत आणायच्या.

"गल्लीत रोज मयत नको"

शेजाऱ्यांचा हा आक्षेप येणारच आणि तो हसण्यावारी नेऊ नका. राहत्या बंगल्याचा वापर बदलायला महापालिकेच्या नगररचना विभागाची परवानगी लागते, आणि शेजारी तक्रार घेऊन जातात ते तिथेच. आधीच घरोघरी जाऊन बोला, हा आजार संसर्गाचा नाही, कचरा बंद गाडीतून जातो, शववाहिका मागच्या गेटने येईल हे सांगा. काकूंनी स्वतः अकरा घरं केली. दोन घरांनी ठाम नाही सांगितलं, एका घरातल्या आजींनी विचारलं की माझ्यासाठी बेड मिळेल का.

काका-काकूंचा अर्ज अजून गेलेला नाही. त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी पॅलिएटिव्हच्या प्रशिक्षणाला नाव दिलंय, त्या परत आल्या की आरएमआयचे कागद सुरू करू. परवा मी टेप घेऊन बंगल्यावर गेलो होतो. मागच्या खोल्यांकडे जाणाऱ्या पॅसेजला एक वळण आहे, तिथे स्ट्रेचर वळत नाही. काका म्हणाले, ती भिंत मीच १९९४ मध्ये वाढवली होती, देवघरासाठी. मग काकूंनीच खडूने भिंतीवर रेघ मारली आणि म्हणाल्या, इथून पाडू.